सकाळचे वॉफल कुरकुरीत, संध्याकाळचे वातड: तिढा अखेर सुटला

मागच्या नोंदीत वॉफलच्या पिठात तांदळाची पिठी घालावी की कॉर्नफ्लॉवर हा वाद अर्ध्यावर सोडला होता आणि पुढच्या वेळी दोन्हींची रीतसर तुलना मांडीन असे लिहिले होते. ती तुलना पुन्हा लांबणीवर टाकतो आहे, कारण मध्येच एका वेगळ्या गोष्टीने सगळे प्रयोग अडवून धरले होते आणि तिचा उलगडा या आठवड्यात झाला. रात्रभर फुगवलेले एकच पीठ, तेच यंत्र, तेच माप. तरीही सकाळी दहाच्या सुमारास केलेले वॉफल जाळीवर चहा संपेपर्यंत कुरकुरीत राहायचे, आणि त्याच भांड्यातल्या उरलेल्या पिठाचे संध्याकाळी साडेसातला केलेले वॉफल ताटात येईपर्यंत सादळायचे.

पहिला संशय अर्थातच पिठावर गेला. यीस्टचे पीठ दिवसभर राहिले की आंबत जाते, त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकते, ग्लुटेन (मैद्याला चिवटपणा देणारे प्रथिन) सैल पडते आणि वॉफल बसके होते, हे आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहे. म्हणून क्रम उलटा करून पाहिला. सकाळी भिजवलेल्या पिठाचे पहिले वॉफल संध्याकाळी केले आणि उरलेले पीठ रात्रभर फ्रीजमध्ये थोपवून धरून दुसऱ्या दिवशी सकाळी वापरले. शिळ्या पिठाचे सकाळचे वॉफल कुरकुरीत झाले आणि ताज्या पिठाचे संध्याकाळचे वातड, तेव्हा पीठ निर्दोष सुटले. दुसरा संशय हवेवर होता. श्रावणात पापडसुद्धा सादळतात हे खरे, परंतु माघातल्या लातूरच्या कोरड्या हवेला तो दोष देणे अन्यायाचे झाले असते; त्याच संध्याकाळी उघड्या ताटात ठेवलेल्या चकल्या तासाभराने जशाच्या तशा होत्या. आईने हे सगळे तर्क ऐकून घेतले, वॉफलचा तुकडा बोटांनी वाकवून पाहिला आणि म्हणाली, "अरे, हे आतून ओलंच हाय की. तव्याला ताव नसला की धिरडं बी असंच चिवट होतंय."

ताव कमी पडतो आहे हे तिने ओळखले. किती कमी पडतो ते मोजायचे काम माझे होते. त्यासाठी तापमानाच्या आधी वजन करायला घेतले. वॉफल भाजणे म्हणजे मुख्यतः पिठातले पाणी वाफ करून बाहेर काढणे, त्यामुळे किती पाणी गेले याचा हिशेब साध्या काट्यावर लागतो. दोन्ही वेळा 120 ग्रॅम पीठ ओतले. सकाळचे वॉफल चार मिनिटांनी बाहेर आले तेव्हा त्याचे वजन 93 ग्रॅम भरले; संध्याकाळचे 104 ग्रॅम. म्हणजे संध्याकाळच्या वॉफलच्या पोटात 11 ग्रॅम पाणी जास्तीचे राहिले होते. वरचे आवरण भाजले जाते तेव्हा ते कोरडे आणि ठिसूळ असतेच, पण आत ओल उरलेली असली की यंत्रातून काढल्यापासून ती ओल बाहेरच्या आवरणाकडे सरकू लागते आणि दोन-तीन मिनिटांत कुरकुरीतपणा संपतो. जाळीवर ठेवल्याने खालची वाफ निघून जाते, परंतु आतून येणाऱ्या ओलीवर जाळीचा काही इलाज चालत नाही.

रंग मात्र दोन्हींचा जवळपास सारखा होता, आणि या छंदात रंगावर विसंबणे किती धोक्याचे आहे ते येथे दिसते. पिठात दूध आणि साखर असली की पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण 140 अंशांच्या पुढे गेल्याबरोबर तांबूस होऊ लागतो. आतल्या ओलीशी त्याला देणेघेणे नसते. साखर जितकी जास्त तितका हा रंग लवकर येतो. "सोनेरी झाले की काढा" असे सांगणाऱ्या पाककृती म्हणूनच मी आता बाजूला ठेवल्या आहेत. कडेने निघणारी वाफ जवळजवळ थांबेपर्यंत झाकण उघडायचे नाही, हाच खरा नियम, आणि त्यावर काट्याची साक्ष काढायची.

यानंतर मल्टिमीटर काढला. यंत्र चालू असताना शेजारच्या सॉकेटमध्ये सकाळी 226 व्होल्ट दिसले आणि संध्याकाळी 178. आमचे घर शहराच्या कडेला आहे, आणि गहू-हरभऱ्याला पाणी देण्याच्या दिवसांत आसपासच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला पंखा मंद होतो, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. पंख्यावर जे उघड दिसते ते वॉफलच्या यंत्रावर दिसत नाही, कारण प्लेट तापल्याची खूण देणारा त्याचा हिरवा दिवा संध्याकाळीही लागतो; फक्त थोडा उशिरा लागतो एवढेच.

खरी गोम पुढच्या हिशेबात आहे. तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 च्या जागी 178 व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज सुमारे 23 टक्क्यांनी कमी होते, पण शक्ती तब्बल 40 टक्क्यांनी उतरते. 750 वॉटचे यंत्र 450 वॉटचे होऊन बसते. आता गरज किती ते पाहू. 27 ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे 61 किलोज्यूल लागतात, आणि 120 ग्रॅम पीठ 100 अंशांपर्यंत नेण्यास आणखी तीसेक. 450 वॉट चार मिनिटे चालले तर मिळतात 108, आणि त्यातला बराच भाग झाकणावरून आणि कडांवरून हवेत जातो. सकाळी हाच आकडा 174 च्या आसपास असतो, म्हणून वाया जाऊनही पुरते. वॉफल काढल्या काढल्या प्लेटचे तापमान घेतले तेव्हा सकाळी 182 अंश आणि संध्याकाळी 151 अंश मिळाले. दिवा लागतो तेव्हा प्लेट दोन्ही वेळा सारखीच तापलेली असते. थंड पीठ पडल्यानंतर ती सावरते की नाही, यावर सगळे ठरते. (लेझर तापमापक वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तो काळ्या नॉनस्टिक प्लेटवर ठीक चालतो, पण चकचकीत धातूवर खूप कमी आकडा दाखवतो.)

यंत्रांविषयी माझे मत यामुळे आणखी पक्के झाले. बाजारात मिळणारी हलकी यंत्रे पातळ प्लेटची असतात आणि पातळ प्लेट उष्णता साठवून ठेवू शकत नाही. त्यावर हृदयाचे आकार, फुलांचे आकार आणि रंगीबेरंगी झाकणे देऊन विकणाऱ्यांनी त्या पैशांत अर्धा किलो जास्त धातू घातला असता तर बरे झाले असते. यंत्र विकत घेताना आधी ते उचलून पाहावे आणि वॉटचा आकडा नंतर वाचावा.

उपाय म्हणून प्रथम स्टॅबिलायझर डोळ्यांसमोर होता. फ्रीजचा घरात आहे, पण त्यावर एवढा भार टाकणे योग्य नाही. लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेच्या बाजूला दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराने 1 केव्हीएचा जुना स्टॅबिलायझर दाखवला आणि किंमतही वाजवी सांगितली. तो आणायचे जवळपास ठरले होते. त्याआधी एका संध्याकाळी आहे त्या विजेत काय साधते ते पाहिले. पीठ 120 ऐवजी 95 ग्रॅम ओतले, वेळ सहा मिनिटांपर्यंत वाढवली, आणि प्रत्येक वॉफलनंतर रिकामे यंत्र झाकण लावून दोन मिनिटे तापू दिले. वजन भरले 73 ग्रॅम, म्हणजे ओतलेल्या पिठाच्या वजनाच्या 23 टक्के पाणी गेलेले. सकाळच्या उत्तम वॉफलचा आकडा साडेबावीस टक्के आहे! सुरीने कापताना आवाज आला, आणि आईने दुसरे मागून घेतले, ज्याला आमच्या घरात बऱ्यापैकी मोठे प्रमाणपत्र मानले जाते. ज्यांच्याकडे वीज अशीच उतरते त्यांनी 22 टक्क्यांची खूण धरून आपापल्या यंत्राचे माप आणि वेळ बसवावी; माझे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

परंतु हे लिहिता लिहिता स्टॅबिलायझरचा बेतच मला निरर्थक वाटू लागला आहे. घरात गॅसची शेगडी असताना विजेच्या मागे का धावायचे? कॉर्नेलियस स्वार्टवाउट या न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या माणसाने 1869 मध्ये पेटंट घेतलेला साचा चुलीवरचाच होता, आणि त्यात साचा न उचलता उलटा करण्याची सोय होती. तसे दुहेरी बिडाचे किंवा जाड ॲल्युमिनियमचे साचे आजही मिळतात. साचा दोन्ही बाजूंनी आधी पुरेसा तापवायचा, पीठ ओतून लगेच उलटवायचा, म्हणजे वरच्या बाजूचे नक्षीकाम भरते. शेगडीची आच व्होल्टेजवर अवलंबून नाही, आणि जड धातू पीठ पडल्यावरही सहज सावरतो. तेव्हा स्टॅबिलायझर रद्द, साचा नक्की.

पिठाविषयी थोडक्यात. सध्याचे प्रमाण मैदा 60, ज्वारीचे पीठ 20 आणि कॉर्नफ्लॉवर 20 टक्के असे आहे. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने वातडपणा कमी होतो आणि मालदांडी जातीच्या ज्वारीचे बारीक दळलेले पीठ चावताना खुसखुशीत लागते. गंमत म्हणजे विरी गेलेले जुने पीठ, ज्याची भाकरी थापताना तुटते, ते येथे उत्तम चालते, कारण वॉफलला चिकटपणा नकोच असतो. लोण्याऐवजी तूप घालतो. लोण्यात साधारण 16 टक्के पाणी असते, तुपात जवळजवळ नसते, आणि जिथे ग्रॅमाग्रॅमाने पाणी काढायचे आहे तिथे ते आणखी ओतणे पटत नाही. गूळ पिठात घालणाऱ्यांशी माझे जुने भांडण कायम आहे. गूळ हवेतली ओल ओढून घेतो. हवी तर खाताना वरून काकवी घ्यावी, आणि तीसुद्धा शेवटच्या क्षणी.

आणखी एक विचार सुचला आहे. आंबिलीसाठी ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर भिजवतो, तसे फक्त ज्वारीचा 20 टक्के भाग आधी ताकात आंबवावा आणि सकाळी मैद्याच्या फुगलेल्या पिठात मिसळावा. ज्वारीचा रवाळपणा भिजून जाईल, आणि त्या आंबटपणावर ओतण्याच्या वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर ऐनवेळी जास्तीचा फुगवटा मिळेल. कॉर्नफ्लॉवर आणि तांदळाची तुलना याच मिश्रणावर करावी म्हणतो, म्हणजे ती पुन्हा पुढे गेली.

बेल्जियममधल्या लिएज पद्धतीच्या दाट वॉफलसाठी लागणारी मोत्यासारखी साखर येथे मिळत नाही आणि ठेचलेली खडीसाखर दाताखाली खड्यासारखी येते. होळीपासून बाजारात गाठींचे हार दिसू लागतील. त्या भुसभुशीत, अपारदर्शक गाठी हरभऱ्याएवढ्या फोडून पाहणार आहे, कारण त्या पिठात पूर्ण न विरघळता साच्याला लागलेल्या ठिकाणी करपून कडक होतील असा अंदाज आहे. तोपर्यंत गॅसवरचा साचा वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी अवश्य कळवाव्यात: मोठ्या बर्नरवर मधला भाग जळतो का, आणि बिडाच्या साच्याला पहिल्यांदा तेल मुरवताना शेंगदाण्याचे चालते की जवसाचेच घ्यावे.