अण्णांच्या डोळ्यातलं मांस

आज अण्णांना घेऊन अंबाजोगाईला डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. गावात सगळे म्हणायले मोतीबिंदू हाय, पिकू द्या मग काढू. अरे पण मोतीबिंदू डोळ्याच्या आत भिंगात असतो, अण्णांचं तर वरूनच दिसतंय, नाकाकडच्या कोपऱ्यातून आलेली गुलाबी तिकोनी पट्टी, त्यात बारीक लाल शिरा आन टोक थेट बुबुळावर चढलेलं. डॉक्टर म्हणले हे टेरिजियम, कॅन्सर बिन्सर नाही, वर्षानुवर्षं उन्हातली अतिनील किरणं, धूळ, वारं डोळ्यावर घेतलं की पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण असं वाढत जातं. आता आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन आन मळणीयंत्राचा भुसा, गॉगल लावून कोण वखर हाणतंय सांगा!

अण्णांचा पहिला सवाल, कापायचं का? तर लगेच नाही. कचकच वाटली तर डोळा ओला ठेवणारे थेंब, आन ते मधोमध सरकून नजर अडवायला लागलं किंवा चष्म्याचा तिरपा नंबर वाढला तर ऑपरेशन. नुसतं खरवडलं तर लै जणांना परत येतं, म्हणून त्याच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं चांगलं आवरण थोडं काढून तिथं बसवतात, मग परत यायचा धोका बराच कमी होतो.

डॉक्टर तापले ते मेडिकलवरून मनानं आणलेल्या स्टिरॉइडच्या थेंबावर. लाली जाते म्हणून महिनोन्महिने टाकत राहिलं तर काचबिंदू होऊ शकतो!

गॉगल घेतला, पण अण्णा गावात लावायला तयार नाहीत, पोरं हसतील म्हणे. मोठ्या कडाची टोपी चालंल म्हणले, मोंढ्यात कुठं चांगली मिळते?