चिकोरी पावली, वॉशआउटनं रडवलं

कॉफीनं माझी तरतरी खरंच वाढते का, हे मी स्वतःवरच तपासतोय: काही दिवस खरी कॉफी, काही दिवस डीकॅफ (कॅफिन काढलेली), आणि आज कोणती ते मला कळू द्यायचं नाही. हे ब्लाइंडिंग एकदाचं जमलं! डीकॅफ जिभेला लगेच कळते, हे रडगाणं आपण सगळ्यांनीच गायलंय. उपाय नागपूरच्या इतवारीतल्या एका किराणा दुकानात निघाला: चिकोरी, तीही सढळ हातानं. तिच्यात कॅफिन नसतं, पण जळक्या गुळासारखी चव दोन्ही डिकॉक्शनवर अशी चढते की फरक उरत नाही. वहिनी पुड्यांवर नुसत्या खुणा करते. यादी तिच्या मसाल्याच्या डब्यात. चवीच्या चाचणीत मी छातीठोकपणे म्हणालो, "ही खरी." ती हसली. "नाही जी भाऊजी, ते डीकॅफ होती." हरल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

(डीकॅफ ऑनलाइन घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर सोडून द्या. आणि 'शंभर टक्के कॅफिनमुक्त' वगैरे वाचून भुलू नका, थोडं उरतंच.)

आता डोकेदुखी. खरीखुरी, कपाळाच्या मागे ठणकणारी. रोजची कॉफी तोडली की १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, साधारण २० ते ५१ तासांत कळस गाठतो आणि २ ते ९ दिवस रेंगाळतो. कॅफिनचं अर्धायुष्य सरासरी ५ तासांचं, म्हणजे ते रक्तातून लवकर जातं. डोकं मात्र लवकर सावरत नाही. त्यामुळे डीकॅफच्या दिवशी तीन मिनिटांच्या पीव्हीटीत (खूण दिसताच बटण दाबायची चाचणी) ३५५ मिलिसेकंदांपलीकडचे लॅप्सच लॅप्स, म्हणजे उशिरा दाबलेली बटणं, आणि खऱ्या कॉफीनंतर पाऊण तासानं आकडे झकास. पण झकास कोणाच्या तुलनेत? कॉफीवाचून तळमळणाऱ्या माझ्याच! कॅफिन मेंदूत झोप आणणाऱ्या अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून झोप लांबवतं हे खरं, पण रोज पिणाऱ्याला मिळते ती जादा तरतरी की नुसती उधारीची परतफेड, यावर संशोधकांचंही एकमत नाही. माझा आलेख तर दोन्हीकडून साक्ष देतो.

म्हणून लांब वॉशआउट, म्हणजे सवय पुरती जाईपर्यंत कॅफिन बंद, घ्यायचं ठरवलं होतं. पण त्यात चहाही सुटतो, कोलाही. वर मे महिन्यातलं नागपूर: दुपारी लाइट गेली, कूलर थांबला, की त्या दिवसाची नोंद रद्दीत.

हे लिहिता लिहिताच सुचलं: वहिनी! चहा-कॉफी दोन्ही घेत नाही, म्हणजे विथड्रॉवलचा, कॉफी तोडल्यावरच्या त्रासाचा, प्रश्नच नाही. तिचे आकडे डीकॅफवर आणि खऱ्या कॉफीवर घेतले तर परतफेडीचं भूत आपोआप बाजूला. आत्ताच विचारून आलो. तयार आहे, अट एकच, सकाळी डबे झाल्यावर, संध्याकाळी नाही. बरोबरच आहे, नाहीतर झोपेचं खोबरं. सवय नसल्यानं तिची मात्रा माझ्या निम्मी ठेवतो. माझं वॉशआउट तूर्त रद्द, आजची कॉफी चालू.

पुड्या बांधायला आता दादा. त्याचं अक्षर बघता यादी उघडी पडली तरी ब्लाइंडिंगला धक्का लागायचा नाही.