यादी नंतर देते, आधी पाणी कुठून जातं ते सांगा

एप्रिलच्या शेवटी मुंबई-पुण्याच्या गाड्या चिपळुणात शिरायला लागल्या की आमच्या दुकानात एक प्रश्न रोज येतो. ‘ताई, गावचं घर उघडलंय. पावसाच्या आधी आवारासाठी जे जे लागतं त्याची यादी द्या, एकदाच घेऊन टाकतो.’ कुणी फोनवर विचारतं, कुणी गाडी रस्त्यात चालूच ठेवून. मी यादी द्यायची सोडून उलट प्रश्न विचारायला लागले की पुष्कळांचा चेहरा उतरतो. परवा एका वहिनींनी विचारलंच, ‘तुम्हाला माल विकायचा नाही का हो?’

विकायचा आहे ना. आजोबांनी खिळे, बिजागऱ्या आणि कंदिलाच्या काचांवर सुरू केलेलं दुकान आहे, तिसरी पिढी त्यावर जेवते. पण तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. पाऊस पडला की तुमच्या आवारात पाणी कुठून येतं आणि कुठून बाहेर जातं? कोकणातल्या आवाराचं निम्मं दुखणं या एका प्रश्नात असतं. हिशोब करून बघा. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. जुलैत आमच्याकडे एका दिवसात 100 मिलिमीटर पडला तर कुणी त्याची बातमी करत नाही. म्हणजे तुमच्या एकट्या छपरावरून त्या दिवशी नऊ हजार लिटरच्या वर पाणी अंगणात उतरलं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या एका दिवसात अंगणात उलट्या करायच्या. शेजारच्या उतारावरून गडग्यातून, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणातून, झिरपत येतं ते वेगळंच.

मागे एक गृहस्थ चार गोणी सिमेंट मागायला आले. दर पावसाळ्यात घराच्या एका कोपऱ्याचं जोतं उकरतं, दर मे महिन्यात ते भरून घेतात. बाबा गल्ल्यावर होते. त्यांनी सिमेंटच्या गोणीला हात लावू दिला नाही, म्हणाले, ‘घरी जाऊन त्या कोपऱ्याचा फोटो काढून आणा.’ दुसऱ्या दिवशी फोटो आला. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेला. भिंतीवर तांबड्या मातीचे शिंतोडे होते. बाकी सगळीकडे वीतभर उंचीचे, त्या कोपऱ्यात मात्र कमरेपर्यंत. ‘पन्हळीचं सगळं पाणी इथेच पडतंय. उतार उलटा झालाय,’ बाबा म्हणाले. तसंच निघालं. माकडांनी नाचून पन्हळीचे दोन आकडे वाकवले होते. त्या गृहस्थांनी शेवटी एक एल्बो, दहा फुटी पाइप आणि तीन क्लॅम्प नेले. पन्हळीला बाबांचा हिशोब फुटाला एक सूत उताराचा. इंचाला आठ सूत, म्हणजे आठ फुटांच्या पन्हळीला इंचभर. सिमेंट त्या वर्षी विकलं गेलं नाही आणि त्यानंतरही त्यांनी मागितलं नाही.

पाण्याची वाट विचारायची सवय बाबांना आधीपासून होती. माझ्या अंगात ती 22 जुलै 2021 ला मुरली. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारात शिरलं, त्यात आमचं दुकान माळ्याच्या दोन पायऱ्या उरेपर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर शटर उघडायला चार माणसं लागली. सिमेंटच्या गोण्या गोणीच्याच आकाराचे दगड होऊन बसल्या होत्या. पुढे काही दिवसांनी खिळ्यांच्या खणात हात घातला तर दोन इंची, अडीच इंची सगळे गंजून एकच गोळा. तो गोळा पहारीने फोडून काढताना बाबा एक शब्द बोलले नाहीत. नंतर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर पाणी आमच्या गल्लीत कोणत्या तोंडाने आधी आलं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवलं. आता आमचा चुना, सिमेंट, वेल्डिंगच्या कांड्या जूनमध्ये खाली राहत नाहीत.

दुसरा प्रश्न, पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, किती आहेत? पाच-सहा जरी असल्या तरी मे संपायच्या आत बोर्डो मिश्रणाची एक फवारणी झाली पाहिजे, नाहीतर ऐन पावसात कोळेरोग येतो, कोवळी सुपारी सडून पटापट गळते आणि मग हळहळण्यापलीकडे काही हातात राहत नाही. फ्रान्सच्या बोर्दो भागात द्राक्षांच्या रोगासाठी 1885 च्या सुमारास पुढे आलेलं हे औषध आजही पोफळीला लागू पडतं. एक टक्क्याच्या मिश्रणाला 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. थोडी झाडं असतील तर दहा लिटरला दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम. मोरचूद आणि चुना निरनिराळ्या बादल्यांत विरघळवायचे. बादल्या प्लॅस्टिकच्याच हव्यात, मोरचूद लोखंडाला धरतं. मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतायची आणि लाकडी काठीने ढवळत राहायचं. आभाळासारखा निळा रंग येतो.

इथे लोक चुकतात. रंग आला की पंपात भरतात. आमच्या दुकानाच्या मागच्या दारी बाबा दरवर्षी नव्या गिऱ्हाईकाला हे करून दाखवतात. कानशीने घासून चकचकीत केलेल्या विळ्याचं टोक मिश्रणात मिनिटभर बुडवायचं आणि बाहेर काढून उजेडात धरायचं. पात्यावर तांबूस छटा चढली तर चुना कमी पडलाय, मोरचूद अजून मोकळं आहे, आणि तसंच फवारलं तर फळ आणि पान भाजणार. आणखी चुन्याची निवळी घालायची, पातं पुन्हा घासायचं, पुन्हा बुडवायचं. पातं पांढरंच बाहेर आलं की झालं. त्या तांबूस छटेकडे बघताना शाळकरी पोरं तर पोरं, साठीचे आजोबाही ‘अरेच्चा’ म्हणतात. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, घोसांवर नीट बसेल असं मारायचं, हातमोजे आणि तोंडाला फडकं विसरायचं नाही. दुसरी फवारणी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप बघून.

विळ्याचा विषय निघाला म्हणून एक सांगते. बाकी सामान तुम्ही ऑनलाइन मागवा, स्वस्त पडत असेल तर मी अडवणार नाही. विळा आणि कोयती मात्र हातात धरून घ्या. आम्ही अजून लोहाराकडून घडवून आणलेल्या ठेवतो. पात्याला पाणी नीट दिलेलं आहे की नाही, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून ते कडक केलंय की नाही, ते नखाने टिचकी मारून आवाजावर कळतं. मूठ तुमच्या पंजात बसते का, तुम्ही डावखुरे आहात का, हे बघावं लागतं. डावखुऱ्या बायका उजव्या हाताच्या विळ्यावर आयुष्यभर मनगट दुखवून घेतात आणि असा वेगळा विळा मिळतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. याचा मला राग येतो.

चिऱ्याच्या पायऱ्यांवरच्या शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर आणि खराटा पुरतो. फक्त ती विहिरीपासून आणि झाडांच्या मुळांपासून लांब ठेवा, आणि संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये ती कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. फाटकाच्या लोखंडाला तारेचा ब्रश मारून रेडऑक्साइडचा हात मे महिन्यातच द्या, ओल धरलेल्या लोखंडावर तो टिकत नाही.

आता ‘एकदाच सगळं’ का नको ते. मे महिन्यात हौसेने ग्रासकटर नेतात, एकदा चालवून टाकीत पेट्रोल तसंच ठेवून मुंबईला जातात. दसऱ्याला परत येऊन दोरी ओढतात तर मशीन दाद देत नाही, कारण उरलेलं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटर चोंदलेला असतो. गवताची खरी बेणणी पाऊस थांबल्यावरच असते, तेव्हाच घ्या. आणि घेताना विचारा, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, मशीनच्या पुस्तकात 25 ला 1 लिहिलं असेल तर लिटरला 40 मिली. नुसत्या पेट्रोलवर चालवलेलं नवं कोरं मशीन आठवड्यात पिस्टन जाम होऊन काउंटरवर आलेलं मी पाहिलंय, आणि ते आणणाऱ्या काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलाने पहिल्या पगारातून घेतलं होतं. तेव्हापासून ऑइलच्या बाटलीवर मी स्वतः मार्करने माप लिहून देते. कातळाच्या, दगडगोट्यांच्या जागेत पातं लावू नका, नायलॉनची तार लावा. डोळ्यांना चष्मा आणि पायात गमबूट हवेतच. आपल्याकडे फुरसं वितीएवढ्या गवतातही असतं आणि मातीच्या रंगात दिसत नाही.

पातेऱ्याबद्दल, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांबद्दल, तर हात जोडून सांगते, जाळू नका. जानेवारीनंतर आंब्या-काजूखाली ढीग पडतो, काडी लावली की आवार स्वच्छ दिसतं, हे मला कळतं. पण तोच पातेरा नारळाच्या आळ्यात, खोडापासून जरा सोडून, वीतभर जाड पसरलात तर चैत्रात पाणी निम्म्याने जरी कमी लागलं तरी विहिरीवरचा भार उतरतो. यात माझ्या दुकानाचा एक रुपयाचा धंदा नाही. उलट गडग्याच्या बाहेरून मात्र वावभर पट्टा खरडून जाळरेषा ठेवा, म्हणजे वरच्या कातळावरचा वणवा बागेत उतरत नाही. वर्षानुवर्षं वाढवलेली कलमं एका दुपारी करपलेली बघितली आहेत मी, तो वास विसरता येत नाही.

‘माल विकायचा नाही का’ म्हणणाऱ्या त्या वहिनी यादी न घेताच गेल्या होत्या. मी त्यांना एवढंच म्हटलं होतं की जाऊन नळीने कौलांवर अर्धा तास पाणी सोडा आणि ते जिथे जाईल तिथे मागे मागे चाला. संध्याकाळी दुकान बंद करताना फोन आला. ‘ताई, पाणी मोरीच्या मागून वळून थेट विहिरीकडे जातंय हो.’ आवाज घाबरलेला होता. सासूबाई त्याच विहिरीचं पाणी पितात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा त्यांचं सामान काढून ठेवलं होतं. एक कुदळ, दोन घमेली, चराची रेघ आखायला सुतळीचा गुंडा, आणि विहिरीच्या कठड्याची चीर बुजवायला थोडं सिमेंट. चर विहिरीच्या वरच्या अंगाने काढून पाणी परड्याच्या खालच्या बाजूला सोडायचं, हे बाबांनी बिलाच्या पाठीवर पेन्सिलने काढून दिलं. बाकीचं गणपतीला आलात की बघू, म्हटलं.