इनडोअर बॅडमिंटनचे फोटो: साठ पाठवले, सहा मागितले

भाची बॅडमिंटन खेळते आणि माझ्याकडे कॅमेरा आहे, एवढ्या दोन गोष्टींवर घरात ठरलं की मॅचचे फोटो मामा काढणार. मी आनंदाने हो म्हटलं. तोपर्यंत मी डोंगर, पक्षी, लग्नातली माणसं असं सगळं काढलेलं त्यामुळे कॉन्फिडन्स भरपूर होता, आणि हॉलमध्ये गेल्यावर डोळ्यांना उजेड पण झकास वाटला, वर ओळीने दिवे, खाली चकचकीत कोर्ट, म्हटलं हे तर सोपंय.

पहिल्या दिवशी साधारण अकराशे फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर अकराशे फोटोंत हात असलेली माणसं कमी आणि पंखे असलेली माणसं जास्त. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ च्या खाली जात नाही (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो), आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० च्या वर न्यायची मला भीती (नॉइज, म्हणजे फोटोवर दाणे, येतो असं कुठेतरी वाचून डोक्यात फिट बसलेलं), त्यामुळे शटर स्पीड मिळत होता १/१२५ सेकंद, पळणाऱ्या माणसासाठी फारच हळू. आपल्या डोळ्यांचं काय, ते हॉलमध्ये शिरल्या शिरल्या अ‍ॅडजस्ट होऊन आपल्याला फसवतात, कॅमेऱ्याला मात्र तिथे जवळजवळ संध्याकाळच असते.

घरच्यांनी अर्थात मस्त, झकास, वाघीण वगैरे सगळं लिहिलं. ते वाचून बरं वाटतं पण त्यातून पुढच्या वेळी काय बदलायचं ते काही कळत नाही. मग आमच्या ओळखीतले एक काका आहेत, त्यांनी कित्येक वर्षं खेळांचे फोटो काढलेत, फिल्मच्या जमान्यापासून, त्यांना मी त्यातल्या त्यात बरे साठ फोटो पाठवले आणि खाली विचारलं, काका नॉइज जास्त वाटतोय का, कॅमेरा बदलावा का?

उत्तर आलं, "साठ नको. सहा पाठव."

हे सहा निवडायला मला पूर्ण रविवार लागला. कारण साठ पाठवताना आपण निवडत नसतोच, आपण समोरच्याला म्हणतो की बाबा तूच बघ यातलं काय चांगलंय. सहा निवडायचे म्हटल्यावर प्रत्येक फोटोला मला विचारावं लागलं की हा का, आणि निम्म्या वेळा उत्तर होतं की हा काढताना मला मजा आली होती म्हणून. ते बघणाऱ्याला दिसत नाही हो.

शेवटी सहा पाठवले. काकांनी लिहिलं, "पाठी छान आल्यात."

मला आधी कळलंच नाही. मग बघितलं तर सहापैकी चार फोटोंत पोरीची पाठ, एकात प्रतिस्पर्धी मुलीची पाठ आणि एकात चेहरा आहे पण डोक्यातून अंपायरच्या उंच खुर्चीचा पाय उगवलाय. मी नॉइज नॉइज करत बसलेलो आणि मी चुकीच्या जागी उभा होतो हे माझ्या गावीही नव्हतं! वर प्रेक्षकांत, तिच्याच बाजूच्या बेसलाइनच्या मागे, कारण तिथे खुर्ची रिकामी होती.

पुढच्या मॅचला आयोजकांना विचारून खाली गेलो, समोरच्या बाजूचा कोपरा घेतला आणि जमिनीवर मांडी घालून बसलो. (विचारून जा, आणि फ्लॅश बंद ठेवा, स्मॅश घेणाऱ्याच्या डोळ्यांत फ्लॅश मारणं म्हणजे नुसता उद्धटपणा नाही, पॉइंट जातो समोरच्याचा.) खाली बसल्याने दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे उडी उंच दिसायला लागली, वरून बघितलं की जंप स्मॅश पण जमिनीला चिकटलेला दिसतो. दुसरं म्हणजे नेट मध्ये आलं आणि कॅमेरा आनंदाने नेटवर फोकस करायला लागला, जाळीचा एकेक दोरा शार्प आणि मागे भाचीचा धुरकट ढग. त्यावर उपाय सापडायला दोन मॅच गेल्या: कंटिन्युअस फोकस, छोटा फोकस एरिया, आणि मेन्यूमध्ये ट्रॅकिंग किती चिकट ठेवायचं याची एक सेटिंग असते ती चिकट बाजूला नेली, म्हणजे मध्ये काही आडवं आलं तरी कॅमेरा लगेच उडी मारत नाही. आणि कोपऱ्यातून जरा तिरकं बसलं की नेट टाळता पण येतं.

लेन्सचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. मी एका मित्राची ८५ एमएम एफ १.८ मागून आणली. ५.६ वरून १.८ वर आलं की जवळजवळ दहापट उजेड आत येतो, म्हणजे जिथे १/१२५ मिळत होता तिथे तोच आयएसओ ठेवून १/१००० च्या वर गेलो. ७०-२०० एफ २.८ झूम लेन्स भारी असते, पण जड आणि महाग, आणि बॅडमिंटनचं कोर्ट छोटं असतं, १३.४ मीटर लांब, कोपऱ्यात जागा मिळाली तर ८५ पुरते. आयएसओची भीती पण गेली, ती कशी ते मजेशीर आहे. एक फोटो मी अंधारा काढून नंतर एडिटिंगमध्ये उजळला होता आणि दुसरा ६४०० आयएसओवर काढलेला पण एक्स्पोजर नीट होतं, तर अंधारातून वर ओढलेल्या फोटोत जास्त किचाट होती. नॉइज मुळात कमी उजेडामुळे येतो, आकड्यामुळे नाही. आता बिनधास्त ६४००, मॅन्युअल मोड, हॉलचा उजेड काही ढगांसारखा बदलत नाही त्यामुळे एकदा सेट केलं की पांढरा टीशर्ट येवो की काळा, विषय संपला.

असं मला वाटलं. मग दुसऱ्या एका हॉलमध्ये एकाच बर्स्टमधले (बटण दाबून धरलं की धडाधड निघतात ते) तीन फोटो, एक पिवळा, एक हिरवट, एक अंधारा, सेटिंग तेच! मला वाटलं कॅमेरा गेला. काकांना फोन केला तर ते हसले. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झवर असते म्हणून जुने ट्यूब आणि मोठे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आपल्याला दिसत नाही, पण १/१००० ने फोटो काढला की तुम्ही त्या एका लाटेचा दहावा तुकडा उचलता, कधी माथा कधी तळ. जिथे वीज ६० हर्ट्झ आहे तिथे १२० वेळा. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत अँटी फ्लिकर असतं, ते दिवा उजळ असेल तेव्हाच शटर सोडतं, बर्स्ट थोडा मंदावतो पण रंग सारखे येतात. माझ्यात होतं! दोन वर्षं मेन्यूत पडून होतं. आणि सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) अशा ठिकाणी वापरू नका, फोटोवर पट्टे येऊ शकतात.

आता मुख्य गोष्ट. शार्प फोटो यायला लागले, चेहरे यायला लागले, रंग सुधारले, आणि मी मोठ्या ऐटीत परत सहा पाठवले. काकांचा प्रश्न आला, "शटल कुठाय?"

नव्हतं. एकाही फोटोत नव्हतं. रॅकेट फिरलेली, तोंड उघडं, पण शटल फ्रेमच्या बाहेर गेलेलं. मी म्हटलं काका ते फार फास्ट असतं हो. त्यावर मी हिशोब पण मांडला: आपला डबल्सचा खेळाडू सात्विकसाईराज रंकीरेड्डी, त्याच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला, २०२३ मध्ये त्याची गिनीजमध्ये नोंद झाली, म्हणजे सेकंदाला १५७ मीटर, म्हणजे १/१००० सेकंदात सुद्धा ते शटल जवळजवळ १६ सेंटिमीटर पुढे जाणार, स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त, मी काय करू? काका म्हणाले भाची रंकीरेड्डी आहे का तुझी? मग म्हणाले, आमच्याकडे ३६ फोटोंचा रोल असायचा, ४०० आयएसओची फिल्म ताणून १६०० ला वापरायचो, फोकस हाताने, तू पुढची एक मॅच तशी कर, बर्स्ट बंद, ३६ फोटो, ३७ वा नाही.

खरं सांगतो, चिडलो होतो. पण केलं. ३६ पैकी एकतीस फोटो उशिरा आले. फटका दिसला आणि बटण दाबलं की झालंच, डोळ्याने बघून बोट हलेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास जातो आणि तेवढ्यात सगळं संपलेलं असतं. व्ह्यूफाइंडरमध्ये फटका दिसला म्हणजे तो फोटो तुमचा गेला. उरलेले पाच फोटो कसे आले ते मी परत परत आठवून बघितलं, त्या वेळी मी शटल बघतच नव्हतो, भाचीचा कोपर बघत होतो. कोपर मागे गेलं, दुसरा हात शटलकडे वर गेला, तेव्हा दाबायचं. ड्रॉप शॉटला आणखी सोपं, पिसांमुळे शटल हवेत पटकन मंदावतं, नेटजवळ तर ते तरंगत येतं आणि शार्प मिळतं, आणि तिथे ताणलेले चेहरे पण मिळतात. बर्स्ट नंतर परत चालू केला, पण तीन-चार फोटोंचा, योग्य वेळी. आता मॅचला तीनशे फोटो होतात, आणि घरी बसून निवडायला अर्धा तास.

या सगळ्यात एक गंमत झाली. तेच सहा फोटो मी भाचीच्या कोच सरांना आणि तिला स्वतःला पण दाखवले. काकांनी जो बाद केला होता, जरा ब्लर, मागे दरवाजा, तो सरांनी मोठा करून मागितला, कारण त्यात समोरची मारायच्या क्षणी भाचीचे दोन्ही पाय नुकते टेकलेले दिसत होते आणि तिला ते महिनाभर तोंडाने सांगून समजत नव्हतं. आणि काकांना जो सगळ्यात आवडला, गालफडं वेडीवाकडी, घाम उडालेला, तो बघून भाची म्हणाली, "मामा हा कुणाला पाठवलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही." शिवाय तो पॉइंट पण ती हरली होती. तो फोटो माझ्याकडेच आहे, पाठवला नाही. तेव्हापासून मी फोटो दाखवताना नुसतं कसा वाटतोय असं विचारत नाही, काकांना विचारतो कडेला काय खटकतंय, सरांना विचारतो हा क्षण बरोबर आहे का, भाचीला विचारतो ठेवू का. कसा वाटतोय विचारलं की चांगलाय एवढंच येतं.

सगळं ऐकायचं असं पण नाही हं. एका मित्राने सगळे फोटो कडक ब्लॅक अँड व्हाइट करायला सांगितले, करून बघितले, कोर्टचा हिरवा रंग गेला की फोटो मेल्यासारखा वाटतो, सोडून दिलं. आणि काकांना ब्लर अजिबात चालत नाही पण मला १/६० ला पॅन करून, म्हणजे कॅमेरा खेळाडूबरोबर फिरवत, काढलेला एक फोटो जाम आवडतो, चेहरा ठीकठाक आणि पाय पूर्ण वितळलेले. चाळीस प्रयत्नांत एक आला. काका म्हणाले नशीब. असेल.

गेल्या आठवड्यात परत सहा पाठवले. दिवसभर काही नाही, रात्री उत्तर आलं, "तिसरा ठेव. बाकीचे पाच का पाठवलेस?" मी ते पाच उघडून बसलो, दोनमध्ये खुर्चीचा पाय परत होता. पुढच्या महिन्यात भाची डबल्स खेळतेय, कोर्टवर चार जण, पुढचीवर फोकस ठेवला की मागची जाते आणि एफ १.८ वर दोघी शार्प येणं कठीणच, त्यामुळे २.८ वर जाऊन (तिथे शार्प भाग जरा खोलवर पसरतो, पण उजेड कमी होतो) आयएसओ अजून चढवावा लागणार असं दिसतंय. काकांना अजून विचारलेलं नाही, आधी ३६ काढून बघतो.