अजिंठ्याची भिंत वाचताना : रोजनिशीतली काही पानं

सोमवार

सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून आज कागदावरची तयारी.

भित्तिचित्र वाचायला शिकणाऱ्याची खरी अडचण गोष्ट माहीत नसणं ही नाही. गोष्ट आधीच माहीत असणं ही आहे. फलकावर ‘विश्वंतर जातक’ (जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा, विश्वंतर हा त्यातला दानशूर राजपुत्र) वाचलं की डोळे भिंतीवर विश्वंतर शोधायला लागतात, तो सापडला की काम संपतं. मग शेजारची मुलं कोणाची, दारातून बाहेर पडणारी माणसं कुठे निघालीत, वरच्या कोपऱ्यातला डोंगर कशासाठी, हे विचारायचंच राहून जातं. त्यामुळे नियम असा की फलक शेवटी. वाटाड्याही शेवटी, तो कितीही चांगला असला तरी.

सोबत न्यायचं ते थोडंच. आडवा धरलेला कोरा कागद, त्यावर भिंतीच्या आकाराची चौकट, चौकटीत आठ उभे आणि चार आडवे भाग. पेन्सिल. पहिल्या फेरीत या घरांत माणसं काढायचीच नाहीत, फक्त जागा लिहायच्या: राजवाडा, वेस, डोंगर, बाग, पाणी. अजिंठ्याच्या चित्रकारांनी प्रत्येक जागेसाठी ठरलेल्या खुणा वापरल्या आहेत. त्या एकदा ओळखता आल्या की भिंत मोकळी होते.

बारीक खांब आणि वर सपाट छत म्हणजे मंडप किंवा महाल. खांबांमधली पोकळी ही खोली, आणि एक खांब ओलांडला की बहुतेकदा प्रसंग बदलतो. कमानीचं दार, त्यातून अर्धवट बाहेर आलेले हत्ती, घोडे, छत्री धरलेले सेवक म्हणजे नगराची वेस. एकावर एक रचलेले चौकोनी ठोकळे, उजळ कडांचे, म्हणजे डोंगर. हे ठोकळे नवख्याला हमखास फसवतात. त्याला ती पडकी भिंत वाटते. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या मागे हेच ठोकळे आहेत, त्यांच्यात माकडं, मोर आणि किन्नरांची (अर्धे मानव, अर्धे पक्षी) जोडी बसलेली आहे. म्हणजे तो उभा आहे तो डोंगरात. केळ, सुपारी, अशोक ही झाडं पानांवरून ओळखू येतात. लाटा आणि मासे दिसले की पाणी.

मंगळवार

आत शिरल्याबरोबर काही बघू नये. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशींना स्थिरावायला पाच ते दहा मिनिटं लागतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशींना जवळपास अर्धा तास हवा असतो. गर्दीच्या दिवशी इतका वेळ कोणी देत नाही, तरी पहिली पाच मिनिटं खांबाजवळ स्वस्थ उभं राहण्यात घालवावीत. या काळात फोनचा पडदा बघितला तर सगळं पहिल्यापासून. फ्लॅशला मनाई आहेच. फोनने काढलेला फोटो भिंतीपेक्षा उजळ आणि भडक येतो, त्यामुळे त्यावरून रंगाची नोंद करू नये. रचनेची करायला हरकत नाही.

उभं राहायचं अंतर दोन ते तीन मीटर. त्याहून जवळ गेलं की चेहरे दिसतात आणि मांडणी हरवते. डावी-उजवी म्हणताना एकदाच ठरवून घ्यावं: आत तोंड करून उभ्या असलेल्या बघणाऱ्याची डावी, बघणाऱ्याची उजवी. टिपणांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण काही जण मूर्तीची उजवी लिहितात.

जागा लिहून झाल्या की माणसं. एकच माणूस त्याच भिंतीवर अनेकदा येतो, चौकट न आखता, कधी स्वतःच्याच शेजारी. त्याचा माग काढायला तीन खुणा आहेत आणि तिघींची किंमत सारखी नाही. मुकुट आणि दागिने बऱ्यापैकी भरवशाचे. बसण्याची जागा, आकार, वर धरलेली छत्री किंवा चवरी या त्याखालोखाल. अंगाचा रंग सगळ्यात शेवटी. चित्रकार शेजारशेजारच्या आकृत्या उठून दिसाव्यात म्हणूनही एक सावळी, एक गोरी रंगवतो, आणि दीड हजार वर्षांत मूळ रंग तसाही राहिलेला नाही.

पण मुकुटही दगा देतो, आणि नेमका गोष्ट वळते तिथे. विश्वंतर वनात जातो तेव्हा मुकुट उतरतो, जटा येतात. अशा वेळी सोबतची माणसं बघावी: त्याची पत्नी माद्री आणि दोन मुलं. सतराव्या लेण्यात ही मुलं भिक्षा म्हणून मागून नेणारा ब्राह्मण जूजक चेहऱ्यावरूनच कळतो. पडके दात, बोकडासारखी दाढी. इतर सगळे चेहरे आदर्श साच्यातले असताना एकाच माणसाला असा चेहरा दिला, तर ती चित्रकाराची टिप्पणी समजायला हरकत नाही.

हातांची नोंद वेगळी ठेवावी. जोडलेले हात, गालाला लावलेला तळवा, उचललेलं बोट, अंगठा आणि तर्जनी जुळवून काहीतरी समजावणारा हात. आणि नजर. दोन आकृत्या एकमेकींकडे पाठ करून असतील तर त्यांच्यामध्ये प्रसंगाची सीमा आहे असं धरून चालावं. हा अंदाज क्वचितच चुकतो.

बुधवार

आज क्रमाबद्दल. बहुतेकांचं गाडं इथे अडतं, म्हणून जरा लांबण लावतो.

छापील चित्रकथेच्या सवयीने आपण डावीकडून उजवीकडे वाचायला लागतो. अजिंठ्याच्या मोठ्या भिंती तशा वाचल्या तर कथा तुटक लागते. मग मधलं काहीतरी पडून गेलं असावं, असा सोपा निष्कर्ष निघतो. पडलेलं असतंच, पण कारण ते नाही. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी दाखवून दिलं की या भिंतींची मांडणी काळाच्या क्रमाने नाही, जागेच्या हिशोबाने आहे. राजवाड्यात जे जे घडलं ते राजवाड्याजवळ, वनात जे घडलं ते वनात, मग मध्ये कितीही वर्षं गेलेली असोत.

सतराव्या लेण्याची उजवी भिंत यासाठी उत्तम. तिच्यावर सिंहल अवदान, म्हणजे सिंहलाची बौद्ध कथा आहे. सिंहल नावाचा व्यापारी साथीदारांसह समुद्रात निघतो, गलबत फुटतं, सगळे ताम्रद्वीपावर लागतात. तिथल्या सुंदर स्त्रिया प्रत्यक्षात राक्षसिणी. बलाह नावाचा पांढरा घोडा त्यांना पाठीवर घेऊन निघतो, मागे वळून बघणारे पडतात आणि खाल्ले जातात, सिंहल वाचतो. एक राक्षसीण मूल कडेवर घेऊन त्याच्या मागोमाग येते, राजाला भुलवते, राणीवशात शिरते आणि तिच्या टोळीने राजवाडा खाऊन टाकते. लोक सिंहलाला राजा करतात, तो सैन्य घेऊन बेट जिंकतो.

या गोष्टीत बेट दोनदा येतं, अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी. राजवाडा मध्ये. भिंतीवर मात्र बेट एकच. त्यामुळे गलबत फुटून आलेला व्यापारी आणि हत्ती, होड्या घेऊन चाल करणारा राजा एकाच मुलुखात दिसतात, आणि तो एकच माणूस आहे हे बघणाऱ्याने जुळवायचं. वाचण्याचा क्रम असा ठेवावा: आधी पांढरा घोडा शोधायचा, तो चटकन सापडतो. घोडा म्हणजे बेटावरून सुटका, म्हणजे गोष्टीचा पहिला एक-तृतीयांश हिस्सा. त्याच्या आसपास भुरळ घालणारे आणि खाणारे चेहरे शोधायचे. मग अभिषेक: डोक्यावर पाणी ओतणारे सेवक आणि आसनावरची आकृती. अभिषेक सापडला की राजवाड्याचे बाकीचे प्रसंग त्याच्या आधीचे आहेत, फौजेचे नंतरचे. दोन खुंट्या ठोकल्या की मधली दोरी ताणता येते.

पहिल्या लेण्याच्या डाव्या भिंतीवरचं महाजनक जातक त्यामानाने सोपं आहे, सुरुवात करणाऱ्याने खरं तर तिथूनच करावी. राजा महाली राणीजवळ, समोर नर्तकी आणि वादक. वेशीतून हत्तीवर निघालेला राजा. ठोकळ्यांच्या डोंगरात तपस्वी, हरणं, ऐकणारा राजा. पुन्हा वेस, या वेळी घोड्यावर. हत्तीवरून जातो तेव्हा तो परत येणार आहे, घोड्यावरून निघतो तेव्हा नाही. वाहनं वेगळी ठेवल्यामुळे दोन वेशींची गल्लत होत नाही. ज्यांना ही भिंत अर्ध्या तासात उलगडत नाही त्यांनी सिंहलाच्या वाटेला जाऊ नये.

गुरुवार

चुकीची वाचनं जपून ठेवावीत, शिकवायला बरोबर वाचनापेक्षा ती जास्त उपयोगी पडतात.

पहिल्या लेण्यात दाराच्या भिंतीवर आसनस्थ राजा आहे आणि समोर टोप्या घातलेले, दाढीवाले परदेशी नजराणे घेऊन आलेत. १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी हा प्रसंग म्हणजे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि इराणचा दुसरा खुस्रो यांच्यातला दूतांचा व्यवहार आहे असं मांडलं. छतावर पेला हातात घेतलेला, इराणी वेशातला पुरुष आहे, त्याला खुद्द खुस्रो ठरवलं. कल्पना आकर्षक होती आणि शालेय पुस्तकांपर्यंत पोचली.

ती डळमळते कुठे? कपड्यांवरून चित्रकाराने कशी माणसं पाहिली होती ते कळतं. इराण आणि मध्य आशियातले व्यापारी दख्खनेत येत-जात होते, त्यांच्या टोप्या ओळखीच्या होत्या. पण टोपीवरून तारीख किंवा राजाचं नाव निघत नाही. शिवाय छतावरचा तो पेलेवाला एकाच चौकटीत नाही, पुन्हा पुन्हा येतो. व्यक्तिचित्र असं नक्षीसारखं उमटवत नाहीत. आणि अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या कालमापनाप्रमाणे ही लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या उत्तरार्धातली. पुलकेशी सातव्या शतकातला. आता अभ्यासक ही भिंत महासुदर्शन राजाच्या कथेशी जोडतात.

सोळाव्या लेण्यातलं उदाहरण याहून नाजूक. मान कललेली, डोळे अर्धे मिटलेली स्त्री, तिला सावरणाऱ्या दासी, एक पंखा हलवणारी. एकोणिसाव्या शतकात चित्रकार जॉन ग्रिफिथ्स यांनी तिला मरणासन्न राजकन्या म्हटलं आणि पुढे तेच नाव चालत राहिलं. याच प्रसंगात एका पुरुषाच्या हातात मुकुट आहे. डोक्यावर नाही, हातात. मुकुटाचा मालक तो पुन्हा घालणार नाही, ही बातमी तो घेऊन आलाय. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला आणि त्याची वाट बघणाऱ्या पत्नीला, सुंदरीला हे कळतंय, अशी ओळख पटते. चेहरा तोच आणि दासीही त्याच, पण एका वस्तूने मरणाचा विरह झाला. ज्याने आधी सगळ्या हातांतल्या वस्तूंची यादी केली असेल त्याला मुकुट सुटत नाही. चेहऱ्यात गुंतलेल्याला सुटतो.

सतराव्या लेण्याच्या ओसरीत डाव्या टोकाला आऱ्यांनी विभागलेलं चक्र आहे, बरंचसं गळून गेलेलं. त्याला राशिचक्र समजून या लेण्याला तसं नावही पडलं होतं. ते भवचक्र आहे, जन्ममरणाच्या फेऱ्याचं चित्र, जे कोणीतरी हातांत धरलेलं दाखवतात. चक्र धरणारे हात बघितले की शंका उरत नाही.

शनिवार

भिंतीच्या कातडीबद्दल, थोडक्यात.

गिलावा मातीचा: वाळू, भुसा, गवताचे तंतू मिसळलेला, वर चुन्याचा पातळ हात. रंग कोरड्यावर दिलेला, डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून. आधी गेरूची रेघ, मग रंग, मग काळी किंवा तपकिरी रेघ पुन्हा. वरचा थर गळाला की खालची गेरूची रेघ उघडी पडते, आणि ती शेवटच्या रेघेशी जुळतेच असं नाही. एका हाताला दोन कडा दिसल्या तर चित्रकाराने बेत बदललाय, तिसरा हात शोधू नये.

रंगांत गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी. लाजवर्दी निळा (लाजवर्द या निळ्या दगडाचा) पाचव्या शतकातल्या कामात येतो. दहाव्या लेण्यातल्या जुन्या चित्रांत, जिथे सहा दातांच्या हत्तीची, छद्दन्ताची कथा आहे, तो नाही. १९२० ते १९२२ दरम्यान निजामाच्या राज्यात इटालियन तंत्रज्ञांनी चित्रांवर लाखेचं व्हार्निश दिलं, ते पुढे पिवळं पडलं. त्याखाली पांढरा पिवळसर आणि निळा हिरवट दिसतो. म्हणून ‘हिरवी वस्त्रं’ असं लिहिण्याआधी शेजारचा पांढरा किती पिवळा झालाय ते बघावं.

दहाव्या लेण्यातच खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने कोरलेलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख आहे, माणसाच्या डोक्याच्या बरीच वर. तेव्हा लेणं दगडमातीने भरलेलं होतं, तो त्या ढिगावर उभा होता. गावंढळ ओरखडाही जमिनीची जुनी पातळी सांगून जातो.

पडलेल्या भागांसाठी जुन्या प्रतिकृती बघाव्यात. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून १८७२पासून करून घेतलेल्यांपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत. उरलेल्या लंडनला आहेत. त्यांत आज भिंतीवर नसलेल्या आकृत्या सापडतात, पण नक्कल करणाऱ्याने खाचा भरून काढताना चेहरे गोडही केलेत.

त्यामुळे कागदावर तीन रकाने पुरत नाहीत. पहिल्यात भिंतीवर दिसतं ते, दुसऱ्यात त्यावरून वाटतं ते, तिसऱ्यात पोथीतलं. प्रतिकृतीत आहे आणि भिंतीवर नाही, ते चौथ्यात, पुढे प्रतिकृतीचं साल लिहून.