ओला सेट

लिस्टमधली पहिली केस गुडघ्याचा सांधा बदलण्याची होती. पेशंट रात्रीपासून उपाशी, भूलतज्ज्ञ तयार, आणि सात चाळीसला सीएसएसडीच्या, म्हणजे ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागाच्या, खिडकीतून निरोप आला, "सिस्टर, हा सेट ओला लागतोय. घेऊ नका."

निरोप देणारा तिथला अटेंडंट. हॉस्पिटलात अशा माणसाला नाव नसतं. पुरुष असेल तर मामा, बाई असेल तर मावशी. हाक आपुलकीची खरी, पण तिच्यात आपली एक सोयही असते. चार मामांपैकी नेमकं कोण काय बोललं होतं, हे लक्षात ठेवावं लागत नाही.

कागदावर सगळं ठीक होतं. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या मशीनच्या, रात्रीच्या सायकलचा प्रिंटआउट 134 अंश, 4 मिनिटं, दाब बरोबर. पॅकवरच्या इंडिकेटर टेपवर काळ्या रेघा स्वच्छ उमटलेल्या. सकाळची बोवी-डिक चाचणीही पास. रिकाम्या चेंबरमधून हवा पुरती निघते की नाही हे ती दाखवते, आणि तिचा कागद कडेपासून मधोमध सारखा रंगला होता. सर्जननी एवढं पाहिलं आणि विचारलं, "मशीन पास म्हणतंय, टेक्निशियन पास म्हणतोय. मग नापास कोण म्हणतंय?"

"मामा."

"त्यांना काय कळतंय त्यातलं?"

डॉक्टरांचा स्वभाव वाईट नाही. एरवी मामांच्या मुलीच्या ऍडमिशनची चौकशी करणारे ते हेच. पण चौकशी करणं वेगळं आणि शब्दावर केस थांबवणं वेगळं. खरं तर माझाही हात सेट घ्यायला पुढे झालाच होता.

मामांनी ट्रे उचलून रॅपची, म्हणजे ट्रेभोवतीच्या आवरणाची, खालची घडी दाखवली. कोपऱ्यात रुपयाएवढा डाग, तोही उजेडात तिरपा धरल्यावरच दिसणारा. ट्रे गार झाले की ते कोरड्या हाताची पाठ प्रत्येक ट्रेखालून फिरवतात. डोळ्यांना न दिसणारी ओल तिथे गार लागते. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

इथे इंडिकेटर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट पाहायला हवं. वाफ पोहोचली, तापमान मिळालं, एवढंच तो सांगतो. पॅक नंतर कोरडा राहिला की नाही, याबद्दल तो मुका असतो. रॅप जंतूंना अडवतो तो कोरडा असेपर्यंतच. ओला झाला की वातीतून तेल चढावं तसं पाणी त्यातून वाट काढतं आणि ट्रॉलीवरचे, हातावरचे जंतू त्याच्यासोबत आत जातात. म्हणून ओला पॅक निर्जंतुक धरायचाच नाही. डाग मोठा की लहान, हा प्रश्न येत नाही.

"मग उघडाच टाका सायकलला, चार मिनिटांत होईल," डॉक्टर म्हणाले. तो उपाय खाली पडलेल्या एखाद्या इन्स्ट्रुमेंटसाठी असतो. सबंध सेटसाठी नव्हे, आणि कृत्रिम सांधा बसवायचा असेल तेव्हा तर नाहीच. नशीब एवढंच की स्पायनल, म्हणजे पाठीतून द्यायची भूल, दिलेलं नव्हतं. दिलेलं असतं तर हीच चर्चा पेशंटला टेबलावर ठेवून करावी लागली असती. सेट टेबलापाशी आणून, खालून-वरून तपासून मगच भूल, हा क्रम किती जण काटेकोर पाळतात, देव जाणे.

केस दुसऱ्या क्रमांकावर गेली. सेट उघडला, पुसून कोरडा केला, रॅप आणि इंडिकेटर नवे घातले. एक ट्रे दोन ट्रेंमध्ये विभागला आणि वाळवणीचा वेळ 20 मिनिटांवरून 40 वर नेला. 134 अंशांची चार मिनिटं सगळ्यांना पाठ असतात, पण हवा काढणं, वाळवणं आणि दार उघडल्यावरचं गार होणं धरलं की दोन तास जातात. गरम पॅक घाईनं थंड स्टीलच्या फळीवर ठेवला तर खाली पुन्हा पाणी सुटतं, त्यामुळे शेवटचा अर्धा तास चोरता येत नाही. पेशंटच्या नातेवाइकांना मी "तांत्रिक कारण" असं मोघम सांगितलं.

मामांचं निदान मधल्या वेळात ऐकलं. सेट कंपनीकडून त्या केसपुरता आलेला, वजन 13 किलोच्या वर. साधारण 11 किलोपलीकडे एक ट्रे जाऊ नये. 13 किलो स्टील खोलीच्या तापमानावरून 134 अंशांपर्यंत तापवताना वाफेचं जवळजवळ एक तृतीयांश लिटर पाणी होतं. ते ट्रेमध्येच राहिलं तर त्याच तापलेल्या धातूच्या उष्णतेनं वाळवणीत पुन्हा उडून जातं. खाली ठिबकलं तर कोण उडवणार? आणि रात्री जागा नाही म्हणून हा ट्रे वरच्या फळीवर गेला होता, खाली दुसरा सेट आणि कपड्यांचे पॅक. जड धातू खाली, कापड वर, हा साधा नियम उलटा झाला. त्यात भर म्हणजे ड्रेनची जाळी कपड्यांच्या तुसांनी भरलेली, त्यामुळे चेंबरमधलं पाणी नीट निघत नव्हतं. "परवापासून मशीन रडतंय," ते म्हणाले, "दार उघडलं की तळाला पाणी. मी सांगितलं होतं."

कोणाला सांगितलं होतं? शिफ्टवरच्या टेक्निशियनला, तोंडी. लॉगबुकात नोंद नाही, कारण नोंदीचा अधिकार टेक्निशियनचा.

दुपारी सर्व्हिस इंजिनिअर आला. त्याने टॅब्लेट काढायच्या आधी मामांनाच विचारलं, कुठला ट्रे कुठल्या फळीवर होता, पाणी सायकलच्या सुरुवातीला दिसतं की शेवटी. मग जाळी काढली. तुसांचा बोटभर जाड थर आणि इंडिकेटर टेपचे दोन तुकडे निघाले. रिपोर्टमध्ये त्याने तीन ओळी लिहिल्या: जाळी तुंबलेली, ट्रेचं वजन जास्त, लोड चुकीचा रचलेला. डॉक्टरांनी त्या वाचल्या, "असं आहे होय," म्हणाले आणि सही केली. सकाळी मामांनी सांगितलेलीच तीन कारणं आता छापील होती आणि खाली पदवीधराचं नाव होतं.

ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेची 2008 सालची 19 मुद्द्यांची चेकलिस्ट लावलेली आहे. छेद घेण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने नाव आणि काम सांगावं, असं तिच्यात आहे. हुद्द्याने खालच्या माणसाला एकदा स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारू दिलं की पुढे चूक दिसल्यावर त्याचं तोंड उघडतं, असा त्यामागचा हिशोब. आम्ही ते रोज करतो. पण ती टीम दाराच्या आतली. सेट पॅक करणारा माणूस तेव्हा दोन भिंतींपलीकडे पुढचा लोड भरत असतो.

संध्याकाळी घटनेचा फॉर्म भरायला बसले. "दोष कोणाच्या लक्षात आला: नाव व पद." नाव माहीत नव्हतं. पगारपत्रकात पाहायला गेले तर तिथेही नाही, ते ठेकेदाराकडे. शेवटी खिडकीशी जाऊन त्यांनाच विचारलं. त्यांनी आधी आडनाव सांगितलं, मग थांबून पूर्ण नाव. पदाच्या यादीत डॉक्टर, नर्स, टेक्निशियन आणि इतर असे चारच पर्याय होते. मी "इतर"वर खूण केली आणि बाजूच्या समासात हाताने "सीएसएसडी अटेंडंट" लिहिलं.

लॉगबुकात आता दोन रकाने वाढलेत: ट्रेचं वजन, आणि जाळी साफ केल्याची वेळ. दोन्हींखाली सही, ज्याने ट्रे उचलला त्याची. टेक्निशियन म्हणाला, ऑडिटला चालणार नाही. मी म्हटलं, चालेल की नाही ते ऑडिटरला सांगू दे.