कापूस निघाल्यावर ठिबक बंद करताना

कापूस उपटला की नळ्या गोळा करायची घाई होते, कारण नांगरट खोळंबलेली असते. उन्हानं नळ्या खराब होतात हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण ड्रिपर (नळीतून थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं) चोक होण्यामागे ऊन कमी आणि नळीत उरलेलं पाणी जास्त, असं माझं मत आहे. आपल्या मराठवाड्यातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. एप्रिल-मेमध्ये नळीतलं पाणी आटतं आणि त्यातला चुना ड्रिपरच्या नागमोडी वाटेत पांढरा थर होऊन बसतो. जूनमध्ये कितीही दाब दिला तरी तो हलत नाही. म्हणून संच धुवायचा, रिकामा करायचा आणि मगच गुंडाळायचा.

आधी आत काय साचलंय ते बघावं. शेवटच्या ओळीतला एक ड्रिपर कापून उघडायचा. पांढऱ्या थरावर ॲसिडचा थेंब टाकला आणि फसफसलं, तर तो चुना. बोटाला बुळबुळीत लागलं तर शेवाळ किंवा जिवाणूंचा चिकटा; कालव्याच्या आणि शेततळ्याच्या पाण्यात हाच जास्त. चुन्याला ॲसिड लागतं, चिकट्याला ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकत्र कधीच करायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींची गरज असेल तर ब्लीचिंग आधी, मग संच साध्या पाण्यानं भरपूर धुवायचा आणि दुसऱ्या दिवशी ॲसिड. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून निवू द्यावी आणि वरची निवळीच वापरावी. खालचा गाळ म्हणजे चुनाच, तो संचात गेला तर केलेलं सगळं वाया.

ॲसिड किती, हे अंदाजानं ठरवू नये. एका बादलीत आपल्याच बोअरचं १० लिटर पाणी घ्यायचं आणि जनावराच्या सिरिंजनं एकेक मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकत, पाण्याचा आंबटपणा मोजणारी पीएच पट्टी ४ दाखवेपर्यंत जायचं. समजा ६ मिली लागलं, म्हणजे लिटरला ०.६ मिली. आता संचाचा हिशेब. अर्धा एकर, ५ फुटांवर ओळी, ४० सेंटीमीटरवर ताशी ४ लिटरचे ड्रिपर, म्हणजे साधारण ३,३०० ड्रिपर. ताशी १३ हजार लिटरच्या आसपास पाणी जातं, १५ मिनिटांत ३,३०० लिटर. त्याला ॲसिड लागेल २ लिटर. व्हेंचुरी, म्हणजे टाकीतलं द्रावण ओढून संचात सोडणारा जोड, १५ मिनिटांत किती ओढते ते साध्या पाण्यावर आधी मोजून घ्यायचं. १५ लिटर ओढत असेल, तर प्लॅस्टिकच्या टाकीत १३ लिटर पाणी आणि त्यात २ लिटर ॲसिड. पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. उलटं केलं तर उकळून अंगावर उडतं. हातमोजे आणि चष्मा हवाच, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. रात्रीच्या लाइटीवर हे काम करू नये, दिवसाच्या पाळीची वाट बघावी.

आधी ओळी ओल्या करून दाब स्थिर होऊ द्यायचा, मग ॲसिड सोडायचं. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याला पीएच पट्टी ४ च्या आसपास आली की मोटर बंद. चोवीस तास तसंच ठेवायचं. फिल्टर लोखंडी असेल तर सबमेनचा (ओळींच्या नळ्यांना पाणी देणाऱ्या मोठ्या पाइपचा) व्हॉल्व्ह बंद करून फिल्टरमधलं पाणी लगेच सोडून द्यावं आणि साध्या पाण्यानं विसळावं, नाहीतर ॲसिड नळ्यांआधी त्यालाच खातं.

दुसऱ्या दिवशी आधी सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडायचा, मग नळ्यांच्या एंड कॅप, म्हणजे शेवटची टोपणं. सगळ्या एकदम उघडल्या तर दाब उरत नाही आणि घाण तळालाच राहते. चार-पाच ओळी घ्याव्या, पाणी नितळ आलं की पुढच्या. पहिलं पाणी दुधासारखं येतं, मधूनमधून पापुद्रेही.

वाळूचा फिल्टर बॅकवॉश करून, म्हणजे उलट्या दिशेनं पाणी सोडून धुवून, तळाचा प्लग काढून ठेवावा. वाळू ओली राहिली की तिचे ढेकळासारखे गोळे बनतात आणि पुढच्या हंगामात पाणी त्यांच्या बाजूनं वाट काढतं, गाळलंच जात नाही. जाळी ब्रशनं घासावी, तारेनं नाही. रबर रिंगांना गाडीचं ग्रीस लावू नये, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस चालतं.

आता गुंडाळणं. नळी मातीत रुतली असेल तर ओढू नये, ती ताणली जाते. हातानं मोकळी करावी. सुरुवात सबमेनच्या टोकाकडून, शेवटची एंड कॅप उघडी ठेवून, म्हणजे उरलेलं पाणी पुढे ढकललं जातं. दोन फुटांचा वेढा ठेवावा, पीळ पडू देऊ नये, तीन-चार ठिकाणी सुतळी बांधावी. पाणी निथळलं की दोन्ही तोंडं बंद करावीत. उघड्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते आणि ते सुकलं की तारेनंही निघत नाही. बंडलवर ओळीचा नंबर घालावा.

बंडल जमिनीवर ठेवले की उंदीर लागतात. शेडमध्ये तारेला टांगावे, पत्र्यापासून हातभर खाली, धान्याच्या पोत्यांपासून लांब. सबमेनच्या टेक-ऑफला (जिथून नळी निघते त्या जोडाला) प्लग लावावेत आणि प्रत्येकाजवळ काठी रोवावी, नाहीतर ट्रॅक्टर नेमका तिथूनच जातो.

जूनमध्ये जोडल्यावर पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली वाटी ठेवून एक मिनिट मोजायचं. ४ लिटरच्या ड्रिपरला ६६ मिली पडायला हवं. ६० च्या खाली आलं तर खत सोडण्याआधी ती ओळ पुन्हा ॲसिडनं धुवायची.